फिरती बैठक

रविवार, रात्री

आज परतवाड्यातली आमची मंडळी पुन्हा जमली. आरामशीनवाला, फर्निचरवाला, संत्र्याचा व्यापारी, कर सल्लागार, ट्रान्सपोर्टवाला. नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. तरी हे टिकलं कसं?

एक तर आम्ही हंगाम मानतो. आंबिया बहाराची तोड लागली की व्यापारी बागेत आणि ट्रकवाला रस्त्यावर. तेव्हा बैठकीचा आग्रह धरायचाच नाही. दुसरं, जागा फिरती ठेवतो. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्याचे तीन सोबती असेच आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमू लागले. त्यातून रोटरी उभी राहिली. आपल्याला तेवढं मोठं व्हायचं नाही. पण आरामशीनशेजारी बसल्यावर मेळघाटच्या सागवानाचा धंदा कसा चालतो ते कळतं. मग त्या माणसाकडे गिऱ्हाईक पाठवताना मन कचरत नाही.

खरी मेहनत फोनची. न आलेल्याला दुसऱ्या दिवशी विचारावं लागतं, "काऊन गा भाऊ, आला नाही?" जाब म्हणून नव्हे, आपुलकीनं. हे काम एकाच्याच गळ्यात पडलं तर तो थकतो आणि मंडळी विरते. पुढच्या महिन्यापासून फोनचीही पाळी लावायची.