पाटीवरचा इतिहास

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना व्यवसायाचे नाव हा अर्जातील एक रकाना एवढाच भाग असे. त्या रकान्याचे मोल निवृत्तीनंतर अधिक जाणवले. निमित्त झाले लोणी काळभोर येथे शाकाहारी उपाहारगृह काढू पाहणाऱ्या माझ्या पुतण्याचे. सोलापूर महामार्गावरचे गिऱ्हाईक थांबावे म्हणून नाव व सजावट स्थानिक इतिहासातून घ्यावी, असा त्याचा मानस होता. घरची ठेवही त्यात गुंतणार होती.

त्याच्या मनात प्रथम छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र होते. मात्र १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार सरकारी परवानगीवाचून त्यांचा व्यापारासाठी वापर करता येत नाही. मग राज कपूर यांचा विचार झाला, कारण मुळा-मुठेकाठचा त्यांचा राजबाग येथलाच. परंतु त्या स्मृतीशी आमच्या घराचा संबंध काय? नुसते गावाचे नाव घ्यावे, तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली ते सहसा नोंदले जात नाही.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ साली सुरू केले. ते स्वतः मूकपटांचे दिग्दर्शक. त्यामुळे कलावंतांचा तेथील राबता स्वाभाविक होता. तो इतिहास उसना आणलेला नव्हता.

लोणी काळभोरची स्वतःची ओळख वारीत आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघाली की येथे मुक्काम करून यवतकडे जाते. वाटसरूला जेवू घालणे येथील अंगवळणी आहे. म्हणून मी ‘मुक्काम’ हे नाव सुचवले व नोंदणीच्या ४३ व्या वर्गात ते आधी कोणी घेतले आहे का, हे पाहण्यास सांगितले. भिंतीवर ढाल-तलवारींऐवजी पालखीमार्गाचा नकाशा असावा, दाराशी पाण्याचा माठ असावा. कांदा-लसणाविना स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत व्हावा आणि सूर्यास्तापूर्वी जेवण मिळावे, म्हणजे आपली कुटुंबेही निर्धास्त बसतील.

शिवाय पालखीच्या मुक्कामादिवशी वारकऱ्यांकडून पैसे घेऊ नयेत, असेही मी म्हणालो. ऐन गर्दीच्या दिवशीचा गल्ला बुडेल, ही त्याची शंका रास्त होती. तो खर्च जाहिरातीत दाखवू का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, “धर्मादाय खात्यात लिही आणि त्याचा फलक लावू नकोस.”

नाव त्याला पटले आहे; त्या एका दिवसाचा निर्णय व्हायचा आहे. आपल्या पेढ्यांवर ज्याला पत म्हणत, त्यालाच आज ब्रँड म्हणतात. नव्या व्यवसायाचे नाव ठरवताना आपल्या तरुणांनी एवढे पाहावे, की पाटीवर लिहिलेले आपल्याला रोज पाळता येईल काय.