अंगणातले जांभूळ

वाचकहो, मृग नक्षत्र लागले की दवाखान्यात ताप आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात, हे आपण जाणताच. त्याच दिवसांत आणखी एक तक्रार हमखास कानी येते : "डॉक्टर, पाय घसरला." कारण असते शेवाळलेली मोरी, ओली फरशी किंवा अंगणात झाडाखाली पडलेला फळांचा सडा.

नाशिकमधल्या आमच्या घरापुढे सासूबाईंनी लावलेले जांभूळ आहे. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा ते छपराच्या उंचीचे होते. आज सारे घर त्याच्या सावलीत असते. ज्येष्ठात त्याच्याखालची शहाबादी फरशी जांभळी होऊन जाते. पिकल्या फळाचा बुळबुळीत गर, आतली टणक बी आणि वरून पाऊस, यांमुळे पाऊल ठरत नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तर काळसर फरशीवरचे काळे फळ वेगळे दिसतही नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी देवासाठी फुले आणायला गेलेल्या सासूबाई घसरल्या आणि हात टेकून पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. रुग्णांना 'पडू नका, जपा' असे रोज सांगणाऱ्या मी स्वतःच्या अंगणाकडे त्या नजरेने कधी पाहिलेच नव्हते. ती बोच आजही आहे. झाड काढायचे, असे मी त्याच रात्री ठरवले. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो अर्जही लिहून ठेवला.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, झाड काढलंस तर मी अंगणात कशाला जाऊ?"

त्या प्रश्नाने मला थांबवले. एकदा पडलेल्या ज्येष्ठांना मोडलेल्या हाडाइतकेच भय गांजते. भयाने चालणे कमी होते, त्यामुळे पायांचे स्नायू क्षीण होतात, तोल ढळतो आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. प्लास्टर निघाल्यावर सासूबाई खरोखरच उंबऱ्याशी थबकू लागल्या होत्या. त्यांना बाहेर बोलावणारे जे एक होते, तेच मी तोडायला निघाले होते. अर्ज दिला नाही.

त्याऐवजी आम्ही अंगण बदलले. फुलझाडांकडची वाट झाडाच्या घेराबाहेरून नेली, तिथे खरखरीत कोबा केला आणि एका बाजूस कठडा बसवला. फळांच्या दिवसांत फांद्यांखाली जुन्या साड्या झोळीसारख्या बांधतो. सासूबाई बाहेर पडण्यापूर्वी वाट झाडून होते. जांभळाची फांदी ठिसूळ असते, म्हणून वादळवाऱ्यात झाडाखाली कोणी बसत नाही. खाचांच्या तळव्यांच्या, मागे पट्टा असलेल्या चपला आणल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताक्षणी रक्तदाब उतरतो का, तेही तपासले.

आपल्या घरी कोणी पडलेच, तर घाईने ओढून उठवू नका. मांडीत किंवा जांघेत तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता असते. तेल लावून चोळू नका, उभे करू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा.

मधुमेहासाठी जांभळाच्या बिया मागायला शेजारी येतात. त्यांना मी सांगते, पूड घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला; चालू गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता ज्येष्ठ आला की सासूबाई कठडा धरून सावकाश बाहेर जातात, झोळीतली जांभळे परडीत भरतात आणि शेजारी वाटतात. वाचकहो, घरातील ज्येष्ठांसाठी अंगणातली एखादी गोष्ट काढून टाकण्यापूर्वी, तिच्यामुळे ते किती पावले चालतात, हे एकदा मोजून पाहा.