थ्रेड : संगणकाच्या दाराशी सांगायचे नाव

संगणकाच्या दाराशी थांबून आपली ओळख सांगण्याची प्रथा आता साठ वर्षांहून जुनी आहे. त्या ओळखीचा धनी कोण, हा प्रश्न मात्र फार उशिरा पडला.

१९६१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. यंत्र एक, वापरणारे अनेक. म्हणून ज्याच्या त्याच्या फाइलींना राखण हवी, आणि पासवर्ड आला. पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडले. तेथील नावे आखूड : केन थॉम्पसन यांचे ‘केन’, डेनिस रिची यांचे ‘डीएमआर’. वाड्यात हाक मारायला जेवढे नाव पुरते, तेवढेच. आडनाव आणि पत्ता लागतो तो वाड्याबाहेर पडल्यावर. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडला, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह ठेवले.

तरीही वाड्याची सवय सुटली नाही. कॅन्ससमधील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी वेबसाइट बांधण्यासाठी ‘जँगो’ हे फ्रेमवर्क रचले. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्यात युजरनेम सक्तीचे, फार तर ३० अक्षरांचे. ईमेल दिला तर दिला. एकच ईमेल दोन खात्यांना असला तरी हरकत नव्हती. मोठ्या वेबसाइटवर हे गैरसोयीचे होऊ लागले. हवे ते नाव आधीच कोणी घेतलेले, मग शेपटीला आकडे जोडायचे आणि महिन्याभराने ते विसरायचे. ईमेल मात्र जगात एकमेव, आणि सहसा पाठ असतो.

प्रोग्रामर मंडळींनी आडवाट काढली : युजरनेमच्या रकान्यातच ईमेल भरायचा. पण तिथे ‘@’ला प्रवेशच नव्हता. तो मे २०१० मध्ये, १.२ या आवृत्तीत मिळाला. ३० अक्षरांची मर्यादा कायम राहिली, म्हणजे लांब पत्त्याचा माणूस बाहेरच. फेब्रुवारी २०१३ च्या १.५ आवृत्तीत अखेर वापरकर्त्याचा साचा आपला आपण ठरवण्याची मुभा आली. रुबी ऑन रेल्ससाठीच्या ‘डिव्हाइज’ने तर ईमेल हीच मूळ ओळख मानली होती. एका रकान्यासाठी इतकी वर्षे लागावीत, यात नवल नाही. त्या रकान्यावर असंख्य वेबसाइटची कोष्टके आधीच उभी होती.

या सोयीची किंमत मात्र होती. पूर्वी पाकिटावर ‘मार्फत’ लिहीत. ईमेलने लॉगिन करणारा प्रत्येक जण असाच कोणाच्या तरी मार्फत राहतो. पासवर्ड विसरला की नवा ठरवण्याची वाट त्याच पेटीत येते. पेटी ज्याच्या हाती, खातेही त्याच्याच हाती.

जून २०१३ मध्ये याहूने जाहीर केले, की वर्षभराहून अधिक काळ न वापरलेली नावे इतरांना दिली जातील. काही नव्या धन्यांच्या पेटीत जुन्या धन्यांची खासगी पत्रे येऊन पडली. या धोक्यावर याहू आणि फेसबुक यांच्या अभियंत्यांनी उपाय सुचवला. तो २०१४ मध्ये आरएफसी ७२९३ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला : पाठवणाऱ्याने पत्राच्या शिरोभागी एक तारीख घालावी, आणि त्या तारखेनंतर पत्त्याचा धनी बदलला असेल तर टपाल सांभाळणाऱ्याने ते पत्र पेटीत टाकू नये.