पहिल्या धड्यापूर्वीं

विद्यारंभाचा संस्कार आपल्याकडे मुलांसाठीं सांगितलेला आहे. दसऱ्याच्या दिवशीं पाटीवर सरस्वती काढावी, तिची पूजा करावी, आणि मुलाचा हात हातांत धरून श्रीगणेशा गिरवून घ्यावा, म्हणजे कार्यभाग झाला. त्या मुलाकडून पूर्वतयारीची अपेक्षा कोणी करीत नाहीं. कांहीं येत नाहीं हीच त्याची पात्रता. परंतु पन्नाशी ओलांडलेलें माणूस इंग्रजी शिकण्यासाठीं खासगी शिक्षकाची योजना करतें, तेव्हां पहिल्या धड्यापूर्वींचे आठ दिवस त्याला परीक्षेच्या दिवसांसारखे जातात. कोणी माळ्यावरून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढून तिच्यावरील धूळ झटकतो. कोणी क्रियापदांचीं तीन तीन रूपें पाठ करतो. आणि कोणी आरशासमोर उभा राहून स्वतःची ओळख करून देण्याचीं दहा वाक्यें घोकतो. या उद्योगाला पूर्वतयारी म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें ही तयारी नसून लपवालपवी आहे, आणि तिच्यापायीं पुष्कळांची शिकवणी सुरू होण्यापूर्वींच फसते.

शिक्षकाला पहिल्या दिवशीं दोनच गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात: समोरचें माणूस कोठें उभें आहे, आणि त्याला कोठें जावयाचें आहे. युरोपीय परिषदेनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांत परभाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि पुष्कळ शिक्षक त्याच मापानें विद्यार्थ्याची जागा ठरवितात. माप चांगलें आहे. पण पहिल्या पायरीवरचा मनुष्य चार दिवस घोकंपट्टी करून तिसरीवर जाऊन उभा राहिला, तर त्या बिचाऱ्या मापानें काय करावें? वैद्याला नाडी दाखवावयाची ती शेजाऱ्याची उसनी नेऊन चालत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. सहा वर्षांची नात दर रविवारीं पडद्यावर दिसते. तिला मराठी थोडेंफार समजतें, पण उत्तर ती इंग्रजींतच देते. आणि आजीला तें उत्तर निम्मेंच कळतें. बाईंनीं शाळेंत पांचवीपासून इंग्रजी घेतलें होतें. परंतु तें कधीं तोंडांत रुळलें नाहीं. अखेर त्यांनीं एक शिक्षक लावले. पहिल्या दिवसाची त्यांनीं जय्यत तयारी केली. आपलें नांव, गांव, शिक्षण, आवडी-निवडी हें सारें सुनेकडून लिहून घेऊन मुखोद्गत केलें आणि न अडखळतां म्हणून दाखविलें. शिक्षकांना संतोष झाला. त्यांनीं वर्तमानपत्रांतील अग्रलेख वाचावयास दिला. पुढें महिनाभर बाई प्रत्येक वाक्याला मान डोलवीत 'समजलें' म्हणत राहिल्या, आणि महिना संपतांच गुडघेदुखीचें निमित्त सांगून शिकवणी बंद झाली. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "सर, मास्तरांपुढें अगदींच अडाणी दिसूं नये, म्हणून केलें हो सगळें."

या एका वाक्यांत सर्व रोगाचें निदान आहे.

इंग्रजीसंबंधींची ही लाज आपल्याकडे मोठी विलक्षण वाट चालून आलेली आहे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ सालीं झाला, तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींनीं त्यांना घरीं शिकविण्यास आरंभ केला आणि पुढें इंग्रजीचाहि अभ्यास चालविला. घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा त्यावर केवढा रोष झाला, तें १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत वाचावयास मिळतें. त्या काळीं कुलीन स्त्रीला इंग्रजी येणें हेंच लाजिरवाणें मानलें जाई. आज तेंच इंग्रजी न येणें लाजिरवाणें झालें आहे. २००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतूनहि इंग्रजी पहिलीपासून शिकविलें जाऊं लागलें; त्यामुळें त्यापूर्वींच्या पिढीला आपल्याच मुला-नातवंडांसमोर मान खालीं घालण्याची पाळी येते. रमाबाईंना ज्ञान सोसावें लागलें, आमच्या बाईंना अज्ञान सोसावें लागलें. मात्र रमाबाईंचा विरोध घराकडून होता, शिकविणाऱ्यापासून लपविण्यासारखें त्यांच्याजवळ कांहीं नव्हतें. म्हणूनच त्यांची विद्या वाढली. आमच्या बाईंच्या शिक्षणाला घरांतून कोणाचाहि विरोध नव्हता; त्यांनीं पडदा धरला तो नेमका शिक्षकापुढें.

मग खरी पूर्वतयारी कोणती? आम्हीं बाईंना एक कोरी वही घ्यावयास सांगितलें. पंधरा दिवस इंग्रजीचें नांव काढूं नये. नातीला जें जें सांगावेसें वाटलें आणि सांगतां आलें नाहीं, तें तें मराठींतच या वहींत उतरावें. बाईंनीं वही आणून दाखविली तेव्हां तींत अशीं वाक्यें होतीं: "पडलेला दांत कोठें टाकलास ग?" "मी खोटें खोटें रागावलें आहें." "काय लबाड आहेस!" "इतक्या लांबून तुझी दृष्ट कशी काढूं?" ही वही घेऊन त्या दुसऱ्या एका शिक्षकाकडे गेल्या. तो तरुण ती वाचून बराच वेळ गप्प बसला, कारण यांतील निम्म्या वाक्यांना त्याच्याजवळहि तयार इंग्रजी नव्हतें. 'दृष्ट काढणें' याला एका शब्दाचें उत्तर नाहीं; तेथें मीठ, मोहऱ्या, मिरच्या, ओवाळणारा हात आणि त्यामागची माया हें सर्व सांगावें लागतें. म्हणून तोच त्यांचा पहिला धडा झाला. पांच-सहा तुटक वाक्यांत त्यांनीं ती हकीकत रचली आणि येत्या रविवारीं नातीला ऐकविली. नातीनें मध्येंच दोन चुका दुरुस्त केल्या, आणि पुढें काय होतें म्हणून विचारलें. बाईंचें इंग्रजी अजूनहि अडखळतें. पण रविवारचें बोलणें आतां लांबतें.

अशा वहीचा आणखी एक लाभ आहे, आणि तीस वर्षें वर्गांत इंग्रजी शिकविल्यामुळें तो आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. आपण अडतों कोठें, हें व्याकरणाच्या पुस्तकांतून कळत नाहीं. आपल्या मराठी वाक्यांतून कळतें. आपण निघतांना 'येतों' म्हणतों. जाण्याचें नांव घेणें आपल्याला अशुभ वाटतें. इंग्रजींत तसेंच म्हटलें तर ऐकणारा दाराकडे पाहत राहील. आपला 'परवा' मागचाहि असतो आणि पुढचाहि. इंग्रजीला तो कोणता तें आधीं ठरवून द्यावें लागतें. 'आम्ही जाऊं' यांत ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण जाऊं' यांत तो सामावतो. इंग्रजींत दोहोंना एकच सर्वनाम आहे. भूक आपल्याला 'लागते', आठवण 'येते', राग 'येतो'. इंग्रजींत मात्र बहुधा भुकेला, आठवणारा आणि रागावलेला मनुष्यच वाक्याचा कर्ता होऊन बसतो. आणि नामाआधीं लागणाऱ्या त्या 'द'चें तर आपल्याकडे कांहींच नाहीं. म्हणून तो आपल्या तोंडून गळतो, किंवा नको तेथें येऊन बसतो. मराठी वाक्य समोर असलें म्हणजे शिक्षकाला हे खांचखळगे आधींच दिसतात. आपली भाषा बाहेर ठेवून शिकवणीच्या खोलींत शिरावें, अशी जी समजूत आहे ती आम्हांला मान्य नाहीं. आपली भाषा हीच आपली उभे राहण्याची जागा. तिच्यावरून पाऊल उचलल्याशिवाय दुसरीकडे जातां येत नाहीं.

वहीच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पुरेत. पहिली, कोणाचीहि मदत न घेतां लिहिलेला इंग्रजीचा एक कागद: बँकेला पत्र, शेजाऱ्याला चिठ्ठी, कांहींहि. तो मुलाकडून तपासून घेऊं नये, कारण चुका हाच त्याचा उपयोग. दुसरी, शिक्षकाशीं आरंभींच करावयाचा करार: प्रत्येक चुकीला थांबवावयाचें कीं वाक्य पुरें होऊं द्यावयाचें, आणि अडल्यावर मराठींत बोलण्याची मुभा आहे कीं नाहीं. हें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. चांगल्या शिक्षकाला त्यानें बरेंच वाटतें. तिसरी गोष्ट पाठांतराची. पाठ करावयाचेंच असेल तर तीन वाक्यें इंग्रजींत पाठ करावीं: हें मला समजलें नाहीं, पुन्हां सांगा, सावकाश सांगा. स्वतःच्या परिचयाच्या दहा वाक्यांपेक्षां हीं तीन वाक्यें अधिक उपयोगाचीं, कारण पहिलीं पडदा धरतात आणि हीं तो दूर करतात.

कोणी म्हणेल, हें सांगणें सोपें आहे. साठीच्या माणसानें पंचविशीच्या तरुणापुढें 'समजलें नाहीं' म्हणावें, यास धैर्य लागतें. तें खरेंच आहे. इंग्रजीला वाघिणीचें दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि त्यामुळें तें पचविण्याचीच भीति बाळगली जाते. आमचा अनुभव असा कीं, तें पचविणें अवघड नाहीं. रिकामें भांडें पुढें करणें अवघड आहे. लहान मूल तें सहज करतें, कारण आपण लहान आहों हें त्याला ठाऊक असतें. प्रौढ माणसाला तें समजून उमजून करावें लागतें, आणि त्याची पहिल्या धड्यापूर्वींची सगळी तयारी इतकीच असते.