नेरळच्या घाटांतील निदान

माथेरानावर मोटारींस मज्जाव आहे, हें सर्वश्रुत आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं हा डोंगर शोधून काढला असें म्हणण्याची चाल आहे. ठाकर, कातकरी व धनगर तेथें आधींपासून वावरत होतेच. १९०७ सालीं पीरभॉय घराण्यानें नेरळपासून वर रूळ नेले. मोटारीचा रस्ता मात्र दस्तुरी नाक्यापाशीं संपतो तो संपतोच. अशा ठिकाणीं मोटारीच्या दुखण्याचें निदान करावयास सहसा कोणी जात नाहीं. आम्ही मार्गशीर्षांत नेमके त्याच कामासाठीं गेलों.

गाडी दुसऱ्या हातची, दोन आसनांची, स्पोर्ट्स जातीची. कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर असलेली, म्हणजे बरीच वयस्क. ती घ्यावी हा हट्ट माझा, आणि पैसे आमच्या थोरल्या काकांच्या पुंजींतले. महिन्याभरांत ती मिसिंग करूं लागली. पुण्याच्या एका गॅरेजांत नवे प्लग घालून झाले, गुण आला नाहीं. तेव्हां तेथील मेस्त्रींनीं निकाल दिला, "झडप जळली आहे, इंजिन खोलावें लागेल." खर्चाचा आंकडा ऐकून घरांत जी शांतता पसरली, ती मला बोलण्यापेक्षां अधिक झोंबली. गाडी मोडींत काढावी, असें जवळजवळ ठरलेंच होतें. काका तेवढे म्हणाले, "खाटेवर निजवून रोग्याची नाडी पाहिलीत, त्याला चढ चढवून दम कोणीं पाहिला?" दुसरें आसन त्यांनीं स्वतःसाठीं राखून ठेवलें.

खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, कर्जत, नेरळ येथपर्यंत गाडीनें एकदांहि तक्रार केली नाहीं. सपाटीवर ती अगदीं कुलीन वागे. नेरळ सोडलें, आणि आठ-नऊ किलोमीटरांत सातशे मीटरांहून अधिक उंची गांठणारा तो चढ लागला. तिसऱ्याच वळणावर ठेंच लागावी तसा गचका बसला; मग दुसरा, मग एकामागून एक. गिअर बदलून पेडल सैल सोडलें कीं गाडी शहाणी होई. पुन्हां दाबलें कीं गचके. रस्ता रुळांना छेदतो तेथें काका म्हणाले, "लहानपणीं याच रुळांवरून वाफेच्या इंजिनामागें आलों होतों. तें धापा टाकी, पण ठोका चुकवीत नसे."

दस्तुरीस पोहोंचतांच नेरळच्या फेऱ्या करणारे एक टॅक्सीवाले आपणहून जवळ आले. त्यांनीं आमची गाडी मागून चढतांना ऐकली होती. त्यांनीं तिला उभ्या उभ्या चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगची वायर काढून पाहिली. प्रत्येक वेळीं इंजिन सारखेंच लंगडलें; अर्थात् चारहि सिलिंडर आपापलें काम करीत होते. "झडप जळली असती, तर उभ्या गाडींतच ती बोंबलली असती," ते काकांना म्हणाले. "पेट्रोल कमी पडलें तर गाडी हळूहळू मान टाकते. ही एकदम तुटते. म्हणजे ठिणगी चुकते, साहेब. पण कोठें, तें अंधार पडल्यावर सांगेन."

यांतील कार्यकारण मला मागाहून नीट उमजलें. चढावर पेडल दाबलें म्हणजे सिलिंडरांत अधिक मिश्रण शिरतें व आंतला दाब वाढतो. दाटलेल्या वायूंतून ठिणगी पाडावयास विजेला अधिक जोर लागतो. मग प्लगपेक्षां सोपी अशी एखादी चोरवाट सांपडली, तर वीज तिकडूनच निसटते. सपाटीवर तिला त्या वाटेची गरजच पडत नाहीं.

अंधार पडेपर्यंत वर जाणें ओघानेंच आलें. अमन लॉजहून छोट्या गाडीनें बाजारांत गेलों. तांबड्या मातीवर घोड्यांच्या टापा, पानांची सळसळ, माकडांचा दंगा. यापलीकडे आवाज नाहीं. दिवसभर इंजिनाचा ठोका ऐकून कंटाळलेले माझे कान तेथेंहि कोठें कांहीं चुकतें आहे काय हेंच शोधीत होते! पॉर्क्युपाइन पॉइंटवरून प्रबळगडाच्या अंगाला सूर्य बुडतांना काका बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "पैसे बुडाले तर बुडाले. तूं मनाला लावून घेऊं नकोस." याहून ते रागावले असते तर बरें झालें असतें. परततांना त्यांना घोड्यावर बसविलें व मी विजेरी घेऊन पायीं चाललों.

दस्तुरीच्या वाहनतळावर मिट्ट काळोख होता. टॅक्सीवाल्यांनीं बॉनेट उघडलें, विजेरी विझवावयास सांगितली, इंजिन चालू करवून बोटांनीं वायरींवर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि इंजिनाची गति वाढविली. तिसऱ्या सिलिंडरची वायर जेथें लोखंडी पट्टीला घांसत होती, तेथून निळी, केंसाएवढी बारीक ठिणगी पट्टीवर उड्या मारूं लागली. गॅरेजच्या भर उजेडांत ती कोणाला दिसणार? वायरीचें रबर त्या जागीं चिरलें होतें. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यांनीं वायर पट्टीपासून दूर बांधली. पैसे घेईनात, काकांनीं बळेंच चहा पाजला.

मी घरची वाट धरणार, तोंच काका म्हणाले, "उतारावर काय, सगळ्याच गाड्या निरोगी असतात. अर्ध्यापर्यंत उतर, आणि पुन्हां चढव." रुळांच्या फाटकापाशीं गाडी वळविली. पेडल पुरतें दाबलें. पहिलें वळण गेलें, दुसरें गेलें. त्या तिसऱ्या अवघड वळणावर काकांनीं समोरची दांडी घट्ट धरली होती, तशीच मीहि चक्रावरची मूठ आवळली होती. इंजिनाचा स्वर एकसारखा चढत गेला, कोठेंहि तुटला नाहीं. नवीन वायर पुढें पुण्यास किरकोळ किमतींत मिळाली.

वर नाक्यावरच्या माणसानें मात्र आम्हांला ओळखलें नाहीं, आणि वाहनतळाची दुसरी पावती फाडली. काकांनीं ती हंसत हंसत घडी करून खिशांत ठेवली.