दार उघडल्याची नोंद

युद्धनौकेवर एखादं दार उघडलं तर ते वहीत लिहावं लागतं. जहाजाच्या पोटात कितीतरी दारं, झाकणं, झडपा असतात आणि त्यांच्यावर अक्षरं रंगवलेली असतात. एक्स, वाय, झेड. बंदरात कोणती बंद ठेवायची, खुल्या समुद्रात कोणती, लढाईला उभं राहताना कोणती, हे त्या अक्षरांवरून ठरतं. बंद असायला हवं असं एखादं दार कामासाठी उघडायचं असेल तर आधी डॅमेज कंट्रोलच्या, म्हणजे जहाजाचं नुकसान आवरणाऱ्या, कक्षाला विचारायचं. तिथला माणूस एक ओळ लिहितो. दाराचा क्रमांक, कशासाठी उघडलं, कोणी मागितलं, कोणी परवानगी दिली, किती वाजता. शेवटचा रकाना तो रिकामा सोडतो. दार पुन्हा लागल्याची वेळ त्यात पडेपर्यंत ती ओळ पुरी होत नाही.

अजून काहीही घडलेलं नाही. आग नाही, पाणी नाही, शत्रू नाही. तरी कुणीतरी त्या अर्ध्या ओळीकडे लक्ष ठेवून बसलेलं आहे. उद्या जहाजाच्या कुशीत भोक पडलं तर पाणी कुठवर शिरेल, हे त्या क्षणी कोणतं दार उघडं होतं यावर ठरणार असतं.

मी जालन्यात राहते. इथून मुंबईचा समुद्र सुमारे चारशे किलोमीटरवर. माझ्यापर्यंत या वह्या पोचल्या त्या आमच्या गल्लीतल्या काकांमुळे. ते अंबड तालुक्यातले. विहिरीत पोहायला शिकलेलं पोरगं नौदलात भरती झालं आणि निवृत्त होऊन पुन्हा मोसंबीच्या बागेत आलं. काकांना बंदुकांबद्दल, परदेशी बंदरांबद्दल विचारलं की ते दोन वाक्यांत संपवतात. साउंडिंगबद्दल विचारलं की खुर्ची पुढे ओढतात. जहाजाच्या तळाशी टाक्या असतात, इंधनाच्या, गोड्या पाण्याच्या, काही मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या. प्रत्येकीला वरपर्यंत आलेली एक नळी. त्या नळीतून वजन लावलेली फीत खाली सोडायची, तळाला टेकली की वर ओढायची, कुठवर ओली झाली ते वाचायचं आणि वहीत लिहायचं. रोज. समुद्र शांत असला तरी.

“रिकाम्या टाकीत पाणी दिसलं म्हणजे समजायचं, कुठंतरी गळतंय,” काका म्हणाले. “गळती आधी वहीत दिसते, बाई. डोळ्याला दिसंस्तोवर उशीर झालेला असतो.”

त्यांचं हे शिक्षण लोणावळ्याला झालं. ‘आयएनएस शिवाजी’ हा नौदलाचा तळ सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रापासून दूर, फेब्रुवारी 1945 मध्ये सुरू झाला. जहाजांची इंजिनं सांभाळणारे तिथे तयार होतात आणि जहाज वाचवायला शिकवणारी शाळाही तिथेच आहे. गोवा शिपयार्डने बांधलेलं ‘अक्षत’ नावाचं एक नकली जहाज त्या शाळेत आहे. ते कलतं, त्याच्या भिंतींतून पाण्याचे फवारे सुटतात, आणि छातीभर पाण्यात उभं राहून पोरांना लाकडी पाचरी, गाद्या, टेकू लावून भोकं बुजवावी लागतात. हे दृश्य छायाचित्रांत दिसतं. छायाचित्रात सहसा येत नाही तो दुसरा माणूस. तो कोरड्या जागी, जहाजाचा उभा-आडवा छेद दाखवणाऱ्या नकाशापुढे उभा असतो आणि खालून येणारा प्रत्येक निरोप त्यावर खुणेने मांडतो. कुठे आग, कुठे पाणी, कोणती भिंत गरम, कोणता पंप चालू. आग दिसली की एक खूण, आटोक्यात आली की तिच्यावर आणखी रेघ. घटनेपाठोपाठ खूण पुरी होत जाते. त्याच्याजवळ आणखी एक फळी असते. श्वसनयंत्र लावून धुरात उतरणारा प्रत्येक जण आपल्या नावाचा बिल्ला तिथे ठेवून जातो, आणि फळीवाला लिहितो, नळकांड्यात हवा किती, आत गेला कधी, बाहेर यायलाच हवा कधी. आतल्या माणसाला धुरात वेळेचं भान राहत नाही. ते बाहेरच्याने राखायचं असतं.

मला या दोन माणसांमध्ये थोरला-धाकटा करता येत नाही. भोक बुजवणाऱ्याइतकंच ते लिहिणाऱ्यानेही जहाज तरंगत ठेवलेलं असतं.

14 एप्रिलला जालन्यात निळे झेंडे लागतात, बाबासाहेबांची मिरवणूक निघते. त्याच तारखेला देशभरची अग्निशमन दलं आपल्या मृत जवानांना मानवंदना देतात. त्यामागची आग 1944 सालची, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतली. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच खणात, वर-खाली. स्फोटकं वाहणाऱ्या बोटीने लाल बावटा लावायचा, असा संकेत होता. युद्धकाळात तो पाळला जात नव्हता, म्हणून काठी रिकामी होती. गजर होण्याच्या बऱ्याच आधी शेजारच्या बोटींवरच्या काहींना धुराची बारीक रेघ दिसली होती. त्यांनी ती पाहिली आणि सोडून दिली.

आग कापसाला लागली होती. हे वाचताना जालन्याच्या माणसाला जे कळतं ते इतरांना चटकन कळणार नाही. आमच्याकडे जिनिंगच्या आवारात उन्हाळ्यात गंज्या पेटतात. वरून पाणी मारलं तर ज्वाळा बसतात, माणसं सुटकेचा श्वास टाकतात, आणि रात्री गाठीच्या पोटातून पुन्हा धूर येतो. कापूस आतल्या आत धुमसतो. गाठ बाहेर काढून फोडल्याशिवाय तो विझला असं म्हणता येत नाही. ‘फोर्ट स्टिकिन’च्या खणात शेकडो टन पाणी ओतलं गेलं, पण आगीचं मूळ नेमकं कुठे आहे हे वर उभ्या असलेल्यांना सापडत नव्हतं. गोदीतलं पाणी उकळू लागलं. जहाज तिथेच बुडवावं की बाहेर ओढून न्यावं, यावर बोलणी चालू राहिली. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले. बाकीचा आकडा आठशेच्या पुढे, काहींच्या मते कितीतरी जास्त.

ते जहाज नौदलाचं नव्हतं, त्यावर नकाशापुढे उभा राहणारा माणूस नव्हता. कोणत्या खणात काय आहे, धूर आधी कुठे दिसला, कोणती भिंत तापली आहे, हे तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यात होतं. ते एका कागदावर, एका नजरेखाली आलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

बरोबर 44 वर्षांनी, 14 एप्रिल 1988 ला, इराणच्या आखातात ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्‌स’ ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगावर गेली. तळाला सुमारे पंधरा फुटांचं भगदाड, कणा मोडलेला, इंजिनाच्या खोलीत समुद्र. एकही माणूस न गमावता ती वाचली. शौर्य होतंच. पण कुठे पाणी थोपलं आहे आणि कुठे आता माघार घेऊन दुसरी भिंत धरायची, हे सांगणारी मांडणीही होती.

ज्या जहाजाला तेवढा वेळच मिळत नाही, त्याच्याबद्दल लिहिणं अवघड आहे. ‘आयएनएस खुकरी’ 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीच्या माऱ्याने काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्या काही मिनिटांत खाली कोणी कोणतं दार लावलं, कोणी कुणाला वर ढकललं, हे वाचलेल्यांनी पाहिलं तेवढंच आपल्याला माहीत आहे. बाकीचं सारं, वह्यांसकट, तळाला आहे.

आणि विजयदुर्ग. फेब्रुवारी 1756. इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज त्यांच्या सोबतीला. तुळाजी आंग्र्यांची गलबतं किल्ल्याखाली एकमेकांना बांधून उभी होती. इंग्रजांकडून जिंकून घेतलेल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जात आगीने सगळं आरमार खाल्लं. मराठ्यांचं एवढं आरमार एका दिवसात राख झालं, आणि ती आग मी वाचली ती इंग्रजांच्या लेखणीतून. वॉटसनच्या जहाजावरच्या एडवर्ड आइव्ह्स या सर्जनने ती नोंदवून ठेवली आहे. गलबतांचे दोर तोडायला कोण धावलं असेल? त्याचं नाव मला हवं होतं. आपलं नुकसान आपल्याच हाताने लिहिलेलं असावं, असं तेव्हापासून फार वाटतं.

पण नुसतं लिहिलेलं असून भागत नाही. जुलै 2020 मध्ये ‘बोनहोम रिचर्ड’ ही प्रचंड युद्धनौका अमेरिकेतल्या सॅन डिएगो बंदरात, धक्क्याला बांधलेली असताना, चार दिवस जळत राहिली. चौकशीत आढळलं की तिच्यावरच्या 87 टक्के अग्निशमन ठाण्यांतली उपकरणं देखभालीच्या वेळापत्रकातून बाजूला काढलेली होती. फीत टाकीत न सोडता कालचाच आकडा आज उतरवला तर वही भरते. काका अशा आकड्याला “खोटं पाणी” म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज चढतो.

जालन्यात आम्ही नुकसानीची वही फार पाहिली आहे. 2012-13 च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला आणि अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. लेकरासारखी वाढवलेली झाडं सरपणाच्या भावाने गेली. पुढच्याच वर्षी, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गारपीट. दर वेळी तलाठी येतो, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, बांधावर पंचनामा होतो. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी. हल्ली 33 टक्क्यांच्या वर असेल तर मदत. हा कागद गरजेचा आहे, तो करणारी माणसंही उन्हातान्हात फिरतात. मात्र तो बुडून झाल्यावरचा कागद आहे. त्यात झाड किती जळालं ते येतं. विहीर कधीपासून खाली चालली होती, ते येत नाही.

आणि विहीर एका रात्रीत आटत नाही. ती दिवाळीपासून सांगत असते. जहाजात पाणी वाढतं, इथे ते घटतं. मोजायची रीत मात्र तीच आहे, दोर, त्याला वजन, आणि ओली खूण. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. शास्त्रासाठी ते मोलाचं आहे, पण गावाने जागं राहण्यासाठी चारदा पुरत नाही. आमच्याच जिल्ह्यातलं कडवंची गाव पाणलोटाच्या कामाने आणि शेततळ्यांनी उभं राहिलं, दुष्काळातही तिथे द्राक्षं टिकली. त्या गावाने पाण्याकडे पाऊस म्हणून न बघता हिशेब म्हणून बघितलं, असं मला वाटतं. पाणलोटाच्या कामात आयुष्य घातलेली विजयअण्णा बोराड्यांसारखी माणसं तेच सांगत आली.

काकांनी यंदा बागेतल्या विहिरीसाठी वही घातली आहे. दोराला फुटाफुटावर रंग लावला आहे, खाली लोखंडी वजन. रकाने त्यांनी पट्टीने आखले. तारीख, काठापासून पाणी किती खाली, मोजलं कोणी, मोटार किती वाजता चालू केली, कोणत्या कामासाठी. शेवटचा रकाना मोटार बंद केल्याच्या वेळेचा आहे, आणि तो भरल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी तशीच वही मागितली आहे. मी त्यांच्यासाठी रकाने छापून आणते आहे. त्यात एक रकाना मी माझ्या मनाने वाढवला, आसपासच्या बोअरचा, कारण तिन्ही बागांखालचं पाणी एकच आहे आणि एकाने उघडलेलं दार दुसऱ्याच्या वहीत दिसायला हवं.