शिडी आणि बाकडं

हेन्री फोर्डसाहेबांनी १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. घ्यायची तर घ्या, नाहीतर चाला! जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन मात्र माणसं ओळखून होते. त्यांनी शिडीच लावली: खाली शेवरलेट, मग पॉन्टियाक, ओल्ड्समोबील, ब्युइक आणि टोकाला कॅडिलॅक. थेट आमची बँक हो! क्लार्क, हेडक्लार्क, ऑफिसर, मॅनेजर. चढायला पैसे नाहीत? हप्त्यानं कर्ज द्यायला १९१९ पासून घरचीच कंपनी हजर. १९२७ मध्ये नेमलेल्या हार्ली अर्लनी मोटारीला रूप दिलं. १९४८ च्या कॅडिलॅकला तर विमानासारखी शेपटी फुटली. शेजाऱ्याची शेपटी आपल्यापेक्षा लांब, या दुःखापायी माणूस कर्ज काढतो, हे आम्ही काउंटरवाले जाणतो.

पुढे काटकसर शिरली. १९८१ मध्ये शेवरलेटच्या कॅव्हेलियरचाच सांगाडा घेऊन, वर कॅडिलॅकचा बिल्ला ठोकून ‘सिमॅरॉन’ काढली. टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त पाटी साहेबाची! गिऱ्हाइकानं ओळखलं, १९८८ मध्ये गाडी बंद. ओल्ड्समोबील २००४ मध्ये गेली, पॉन्टियाक २०१० मध्ये.

सगळ्या पायऱ्या एकाच उंचीवर आल्या, की तिला शिडी नव्हे, बाकडं म्हणतात. आणि बाकड्यावर बसायला जादा पैसे कोण मोजणार?